आंदोलन : हिंसक की अहिंसक? मुलांशी बोलायलाच हवं असं काही



'हिंसा श्रेष्ठ की अहिंसा' असा निबंध आपण मुलांना देतो. मुलंही ठरलेलं उत्तर लिहितात. गांधीजी, मिठाचा सत्याग्रह आणि शेवटी 'म्हणून अहिंसाच श्रेष्ठ'. दहापैकी आठ गुण! पण वहीबाहेर त्यांना खरंच तसं वाटतं का?

आठवीच्या वर्गात मोकळेपणानं विचारलं, तर एक मुलगा म्हणाला, "सर, अर्ज देऊन कोण ऐकतं? काच फुटली की दुसऱ्या दिवशी साहेब हजर!" लगेच मागून एक मुलगी, "महाराजांनी तोरणा काय अर्ज करून घेतला होता का?"

तोरण्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. मी एवढंच सांगितलं, की तेव्हा रयतेला मत नव्हतं, राज्यकर्त्याला जाब विचारणारं कोर्ट नव्हतं, छापणारं वर्तमानपत्र नव्हतं. आज ही साधनं आहेत. संथ चालतात, पण आहेत.

मग मी त्यांना शेजारच्या मुळशीची गोष्ट सांगितली. धरण म्हणजे काय, हे आमच्या मुलांना समजवावं लागत नाही. भाटघर, पानशेत, वरसगाव. कुणाच्या ना कुणाच्या आजोबांचं गाव पाण्याखाली आहेच. मुळशीत मुंबईच्या विजेसाठी टाटांचं धरण होणार होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले. हातात शस्त्र नाही. बायाबापड्याही उतरल्या. काम काही महिने थांबलंसुद्धा! पण पुढे ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्या सावकारांनी नुकसानभरपाई स्वीकारली आणि एकी फुटली. १९२४ मध्ये सेनापती बापटांनी मोजक्या साथीदारांसह कंपनीची रेल्वे शस्त्रानिशी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच.

म्हणजे तिथे दोन्ही मार्ग हरले, हे मुलांपासून लपवू नका. फक्त पुढचा प्रश्न विचारा : पहिल्या दिवशी किती माणसं होती आणि शेवटी किती उरली? लढा हरायला लागला तो माणसं फुटली तेव्हा. आणि शस्त्र हाती आल्यावर गेलेली माणसं परत आली नाहीत.

आता भोरहून वरंधा घाट उतरून महाडला चला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. त्यांच्यात निवृत्त सैनिकही होते, उलट मारणं त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हा भित्रेपणा होता का? मुळीच नाही. त्या दिवशी हात उचलला असता तर 'दोन गटांत मारामारी' एवढंच उरलं असतं. हात आवरला म्हणून अन्याय कुणी केला हे साऱ्यांना दिसलं. कोर्टात दहा वर्षं गेली, पण मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

जगाचा अनुभवही असाच आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासक बाईंनी १९०० ते २००६ मधले ३२३ लढे तपासले. निःशस्त्र लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले, सशस्त्र लढ्यांपैकी २६ टक्के. म्हणजे अहिंसेलाही खात्री नाहीच, पण पारडं तिच्याकडे झुकतं. कारण सोपं आहे. मोर्चात आजी येते, दुकानदार येतो, नोकरदार येतो. दगड उचलला की दहा तरणी पोरं उरतात, बाकीचे दारं लावून घेतात.

पालकहो, त्या दहांत आपला मुलगा असू शकतो. आपल्याकडे किती मुलं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात! दगडफेकीचा एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. चिथावणारे मात्र घरी सुखरूप असतात.

म्हणून मुलांना 'गप्प बसा' असं सांगू नका. अन्याय दिसला की बोलायलाच हवं. फक्त तीन प्रश्न विचारायला शिकवा : आपल्याबरोबर किती जण येतील? समोरच्याला आपल्याला बदनाम करायचं निमित्त मिळेल का? आणि निकाल लागायला दहा वर्षं लागली तर आपण एकत्र राहू का?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. त्याचा सराव मात्र वर्गातच होऊ शकतो. शाळेतल्या नळापासून सुरुवात करा. मुलांना सह्या गोळा करू द्या, निवेदन लिहू द्या, पाठपुरावा करू द्या. आणि त्यांचं निवेदन आलं की आपण मोठ्यांनी पहिल्याच वेळी नीट ऐकू या. काच फुटायची वाट आपणच पाहिली, तर मुलं तेच शिकतील.

तुमच्या वर्गात हा विषय निघाला तर मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.