गुस्ल

2021 च्या एप्रिलमध्ये अब्बा कोविडने गेले. मय्यत घरी आलीच नाही, दवाखान्यातून थेट कब्रस्तानात नेली. पिशवी उघडायला मनाई होती, त्यामुळे गुस्ल राहिला. किट घातलेल्या चौघांनी दफन केलं आणि मी लांब उभा राहून पाहिलं. मौलाना म्हणाले, साथीत गेलेला शहीद असतो, मजबुरी अल्लाह जाणतो. अम्मीला त्याने धीर आला. मला नाही आला. पुढची दोन वर्षं मी रात्री दीडला दचकून उठायचो, आणि हात ओले असल्यासारखे वाटायचे.

"आयतुल कुर्सी पढ के सो," अम्मी म्हणायची. पढायचो. तरी झोप येत नाही, हे तिला सांगायची लाज वाटे. आपल्याकडे अशा वेळी दोनच उत्तरं तयार असतात: नजर लागली, नाहीतर ईमान कमजोर. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आजारांवर एकाच ग्रंथात लिहिलं होतं, पण आमच्या मोहल्ल्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

शेवटी पुण्याला एका समुपदेशक बाईंकडे गेलो. पाऊण तासाचे पंधराशे रुपये. माझा पगार अठरा हजार. पहिलंच वाक्य: "तुम्ही मराठी किती छान बोलता!" मी मराठी शाळेत मराठीच शिकवतो. मग घरचं वातावरण फार कडक होतं का, वगैरे. गुस्लचं सांगितल्यावर म्हणाल्या, विधी राहिल्याची अपराधी भावना आपण सोडायला शिकू. दोन खेपांनंतर गेलो नाही. पैशाचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं.

मग वाटलं, आपलाच माणूस बघावा. एक मुस्लिम समुपदेशक ऑनलाइन मिळाले, आठशे रुपये. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. गुस्ल म्हणताच ते "जी, जी" म्हणून पुढे गेले, नमाजची चौकशी करू लागले. शिवाय त्यांची उर्दू अस्सल. मी घरात दखनी, बाहेर मराठी बोलणारा. रडण्याऐवजी व्याकरण सांभाळत बसलो. (माझ्या मेहुण्याला याच गृहस्थांचा फार उपयोग झाला, हेही सांगायला हवं.)

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सरकारी सेवा परवडणारी हवी, आणि धर्म, संस्कृती, जात यांवरून भेदभाव नको, असं लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं, विश्वास नव्हता. एका रात्री टेलिमानसचा 14416 फिरवला. फोन फुकट, भाषा मराठी निवडता येते. पलीकडच्या मुलाने वीस मिनिटं ऐकलं आणि जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात जायला सांगितलं.

तिथे गर्दी, बाकावर दोन तास. खर्च झाला तो एसटीचा आणि अर्ध्या रजेचा. आतल्या मॅडम माझ्यापेक्षा लहान, कपाळाला टिकली. मी गुस्ल शब्द उच्चारला तसं त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "सर, मला यातलं काही माहीत नाही. तुम्ही दिला असता, तर सुरुवात कुठून केली असती?"

असं मला कोणीच विचारलं नव्हतं. सांगू लागलो. नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर तशीच ठेवायची. पाणी कोमट, त्यात बोरीचा पाला. आधी वुजू, मग डोकं आणि दाढी, मग उजवी बाजू. अब्बांच्या उजव्या खांद्यावर सायकलवरून पडल्याचा जुना वण होता. तिथे आलो आणि पुढे बोलता येईना.

बाहेर शिपाई पुढचा नंबर पुकारत होता. मॅडमनी उठून दार लोटून घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि डावी बाजू?"