उभें राहण्याचा अभ्यास

‘स्था’ धातूचीं रूपें आम्हीं मुलांकडून तीस वर्षें घोकून घेतलीं. परंतु उभें राहणें ही काय विद्या आहे, हें आम्हांस साठी उलटल्यावरच कळलें. गेल्या वर्षीं आष्ट्यास राहत्या घरीं आम्हांस अर्धांगाचा झटका आला. सांगलीस उपचार होऊन प्राण वाचले, वाचा परतली, डाव्या पायांत शक्तिही बरीच आली. पण उभे राहतांच भूमि एका अंगास कलल्याचा भास होई.

तोल केवळ पायांच्या बळावर राहत नाहीं. डोळे, अंतःकर्ण, तळपाय व सांधे यांजकडील वार्ता जुळवून मेंदू क्षणोक्षणीं स्नायूंस आज्ञा देतो. झटक्यानें हा व्यवहार विस्कटतो. मात्र मेंदूचा शाबूत भाग अभ्यासानें तो बराचसा पुन्हां शिकूं शकतो. या विद्येची परीक्षाही आहे. कॅनडांतील कॅथरीन बर्ग यांनीं १९८९ सालीं मांडलेल्या कसोटींत १४ साध्या कृति व ५६ गुण असतात. आम्हांस प्रथम २१ पडले!

फिजिओथेरपीच्या बाईंनीं अभ्यास नेमून दिला: हात न टेकतां खुर्चीवरून उठणें-बसणें, ओट्याशीं उभे राहून शरीराचा भार या पायावरून त्या पायावर नेणें, पुढें पावलें जुळवून उभे राहणें. महिनाभरांत फरक दिसूं लागला. आणि एके दिवशीं आम्ही ओसरीवर पडलों. झालें! कुटुंबानें व्यायाम बंद करविला. सूनबाई पाणी जागेवर आणून देत, चिरंजीव धरून नेत. आम्हीही त्यांत सुखावलों, हें कबूल केलें पाहिजे. पंधरा दिवसांनीं पाहतों तों महिन्याची कमाई गेलेली.

तेव्हां बाई कुटुंबास म्हणाल्या, “आजी, यांना सारखे धरूं नका. डाव्या बाजूस हातभर अंतरावर उभ्या राहा. तोल जाऊं लागला तरच कमरेचा पट्टा धरा.”

ज्या घरीं असा रुग्ण असेल, त्या घरच्या मंडळींस आमची हीच विनंती आहे. जाणत्याच्या सल्ल्यानें व्यायाम ठरवावा, न्हाणीघर कोरडें ठेवावें, वाटेंतील सतरंजी उचलावी, जवळ उभें राहावें. पण त्याचें उभें राहणें आपण करूं नये.

चार महिन्यांनीं आम्हांस ४३ गुण मिळाले. परवां तुळशीस स्वतः पाणी घातलें. कुटुंब हातभर अंतरावर, पदर मुठींत घट्ट धरून उभें होतें. तांब्यांतील पाणी थोडें सांडलें. आम्ही मात्र उभे होतों.