न झालेल्या मैफिलीची बिदागी

चैत्र लागता लागता पेटीवाल्याची डायरी भरलेली असते. पाडवा पहाट, रामनवमीचा उत्सव, लग्नसराई, मधेच एखादं कीर्तन, शनिवार-रविवारी नाट्यपदांचे कार्यक्रम. 2020 साली पाडवा आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस एकच आला, 25 मार्च. त्याआधीच संयोजकांचे फोन सुरू झाले होते. कुणी ‘पुढे ढकलतोय’ म्हणालं, कुणी फोनच केला नाही. आमच्या व्यवसायात करार नसतो. शब्द असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर हातात पडणारं पाकीट. कार्यक्रमच नाही तर पाकीट कुठलं?

त्या काळात माझं घर ज्यांच्यामुळे चाललं, त्यांची नावं इथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. ऋण मात्र नोंदवून ठेवतो.

पहिलं ऋण ताईंचं. त्यांच्या गाण्याला मी वर्षानुवर्षं साथ करतो. एप्रिल सुरू झाला आणि खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. मी फोन लावला.

“ताई, हे कशाचे?”

“पाडव्याच्या कार्यक्रमाचे.”

“पण तो झालाच नाही.”

“तालीम झाली होती ना? तालमीचे समज.”

त्यांची स्वतःची मिळकत तेव्हा शून्य होती. तबलजीलाही त्यांनी तेवढेच पैसे पाठवले होते, हे मला पुष्कळ नंतर त्याच्याकडूनच कळलं.

ऑनलाइन शिकवण्या मिळाल्या, पण माझं खरं काम साथीचं, आणि ते इंटरनेटवर होत नाही. आवाज पलीकडे पोचायला सेकंदाचा एखादा अंश जातो. बोलताना तो जाणवतही नाही. द्रुत लयीत तेवढ्यात समेची जागा निसटते. ताई आणि मी झूमवर बसून पाहिलं. माझा सूर उशिरा येतोय म्हणून त्या थांबायच्या, त्या थांबल्या म्हणून मी थांबायचो, आणि लय खाली खाली जायची. त्यात झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटे. सतत चालणारा आवाज गोंगाट समजून तो पुसून टाकायचा. ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय चालू केली की तानपुरा टिकतो, हे मला न्यू जर्सीतल्या एका विद्यार्थिनीने शिकवलं. गुरुदक्षिणा त्या दिवशी मीच द्यायला हवी होती.

वाट काढली ती आमच्या तबलजीने. त्याचे विद्यार्थी घरोघरी एकटेच रियाज करत होते. कायदे, रेले, तुकडे तोंडपाठ. पण समेवर यायचं तर समोर लेहरा हवा. तो म्हणाला, “तू लेहरे रेकॉर्ड करून दे. तीनताल, झपताल, रूपक, एकताल. प्रत्येकाचे विलंबित, मध्य आणि द्रुत. दर रेकॉर्डिंगमागे पैसे देईन.”

लेहरा म्हणजे एका आवर्तनाची सुरावट, पुन्हा पुन्हा तीच. तबलावादनाच्या मैफिलीत सगळे तबलजीकडे बघत असतात; पेटीवाल्याने फक्त लय धरून बसायचं असतं. मी रात्री उशिरा, रस्ता शांत झाल्यावर बसायचो. मोबाइल उशीवर, मागे दोरीवर गोधडी. चंद्रकंस रागातली एकच ओळ अर्धा अर्धा तास वाजवताना मधेच ॲम्ब्युलन्स गेली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर काय चाललंय याचा विचार करायला त्या अर्ध्या तासात फुरसत नसे. लय हलली तर एखाद्या मुलाचा तुकडा समेवर येणार नाही, एवढीच काळजी. लेहऱ्याची ॲप्स मोबाइलवर मिळतात आणि त्यांची लय माझ्यापेक्षा पक्की असते, हे तबलजीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. तो बोलला नाही, मीही बोललो नाही.

पावसाळ्यात पेटीने दगा दिला. दमट हवेने पट्ट्या फुगून अडकू लागल्या आणि मंद्रातला पंचम मुका झाला. पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान बंद. त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर पेटी उघडायला लावली. सूर कसा काढायचा, ब्लेडच्या टोकाने त्याची पितळी जीभ अलगद उचलून खालची धूळ कशी झटकायची, सगळं दाखवलं. “टोकाला खरवडू नकोस, सूर चढेल,” असं दहादा बजावलं. पंचम बोलू लागला. पैसे विचारले तर म्हणाले, “काम तू केलंस, मजुरी मी कशी घेऊ?”

त्या वर्षी गणेशोत्सवात मांडव गाजले नाहीत, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव झाला नाही. नोव्हेंबरात नाट्यगृहांना निम्म्या प्रेक्षकांची परवानगी मिळाली, पण 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलपं लागली. ती निघाली 22 ऑक्टोबरला. त्याच वर्षी सरकारने कलावंतांना 5 हजार रुपयांची एकवेळची मदत जाहीर केली. तोवर घर या माणसांच्या जिवावर चाललं होतं. त्यांच्यापैकी कुणीही मला मदत केली असं म्हणत नाही. ताईंनी तालमीचे पैसे दिले, तबलजीने रेकॉर्डिंगचे दिले, काकांनी तर मलाच कारागीर ठरवलं. घेताना माझी मान खाली जाऊ नये, याची सोय प्रत्येकाने आधी केली होती. पैसे फेडता येतील; त्या सोयीची परतफेड कशी करायची, ते मला सुचलेलं नाही.

नाट्यगृहं उघडल्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाची बिदागी ताईंनी हातात ठेवली, तेव्हा म्हणालो, “पाडव्याचे यातून वळते करा.” त्या म्हणाल्या, “पुढच्या तालमीला वेळेवर ये.”

संयोजकांना एवढंच सांगणं आहे. तारीख घेताना साथीदाराचं मानधन ठरवा, त्यातला काही भाग आगाऊ द्या आणि कार्यक्रम रद्द झाला तर तो परत मागू नका. मिळकत बंद असलेल्या एका गायिकेला हे जमलं. सभागृह भरवणाऱ्या संस्थांना जमायला काहीच हरकत नाही.