मनातला संशय

गेल्या वर्षात पाचव्यांदा तोच त्रास सुरू झाला, तेव्हा मी कुणाला सांगितलंच नाही. 'अंगावरून पांढरं जातं' इथवर आपण बायका बोलतो. पण दह्याच्या चोथ्यासारखं जातं, खाजेनं रात्रभर डोळा लागत नाही, हे सांगायचं कसं? मी रात्री कूस बदलून झोपू लागले, तर यांना वाटलं, रुसलेय. आणि खरं सांगते, माझ्या मनात यांच्याविषयी नको तो संशय येऊन गेला.

सासूबाईंचं निदान ठरलेलं. "अंगात ताकद नाही तुझ्या." मग खारीक, डिंकाचे लाडू. वजन तेवढं वाढलं!

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, "माझी प्रतिकारशक्ती कमी झाली असणार." त्यांनी आधी स्राव तपासायला पाठवला, रक्तातली साखरही पाहिली, कारण मधुमेहात हा त्रास वाढतो. साखर ठीक निघाली. मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीनच होतं.

कँडिडा ही बुरशी कितीतरी धडधाकट बायकांच्या अंगात मुकाट्यानं राहते. काहींच्या बाबतीत मात्र ती जराशी वाढली, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं झुंडीनं धावतात. बुरशी त्यांना आवरत नाही; सूज आणि आग मात्र त्यांच्या गोंधळानंच होते. उंदरामागे धावताना घरातली भांडी फुटावीत, तसं. अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी बायकांच्या संमतीनं ही बुरशी अंगात सोडून पाहिलं होतं. ते २००४ साली प्रसिद्ध झालं. त्रास झाला तो या पेशी जमलेल्या बायकांनाच. म्हणजे माझी शक्ती कमी नव्हती, ती उगाच आकांडतांडव करत होती.

"आणि... यांच्यामुळे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हा त्या प्रकारचा रोग समजत नाहीत. त्यांना त्रास नसेल तर औषधही नको." मी मान खाली घातली.

दाताच्या दुखण्यावर घेतलेल्या अँटिबायोटिकनं पहिली ठिणगी पडली असावी. पुढं मीच दुकानातून मलम आणून दोन दिवसांत बंद करायची, वर जंतुनाशक पाण्यानं धुवायची. ते सगळं थांबवलं. आता फ्लुकोनॅझोलची गोळी आठवड्यातून एकदा, सहा महिने. (दिवस असतील तर ही गोळी नको, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं.) गोळ्या संपल्यावर पुन्हा होऊ शकतं, हेही सांगून ठेवलंय.

त्या रात्री यांना सगळं सांगितलं. संशयाचंसुद्धा. बराच वेळ गप्प बसले. आता दर मंगळवारी पाण्याचा पेला पुढं करून विचारतात, "गोळी घेतलीस?"