अडीचशे ओहमचा हिशेब

बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो हेडफोन, 250 ओहमचा, घरी आला त्या रात्री मल्लिकार्जुन मन्सूरांची एक जुनी मैफल लावली. लॅपटॉपचा आवाज पूर्ण वर, तरी आलाप शेजारच्या घरातून आल्यासारखा. त्यात हा हेडफोन पाठीमागून उघडा, त्यामुळे पंख्याची घरघरही सुरात सूर मिसळत होती.

दुकानदाराला फोन केला. "साहेब, अडीचशे ओहम आहे. मोठा अॅम्प लागणारच." त्याने सुचवलेला अॅम्प हेडफोनपेक्षा महाग होता. म्हटलं, आधी हिशेब करू.

ओहमचा आकडा मोठा दिसला की माणसं उगाच धास्तावतात. नुसत्या ओहमवरून काही ठरत नाही, जोडीला संवेदनशीलता पाहावी लागते. या हेडफोनला 1 मिलिवॉट दिला की 96 डेसिबल आवाज मिळतो, आणि 250 ओहममध्ये 1 मिलिवॉट जायला अर्धा व्होल्ट पुरतो. व्होल्ट दुप्पट केले की 6 डेसिबल वाढतात. म्हणजे 1 व्होल्टला 102, 2 व्होल्टला 108. रोज 108 डेसिबलने ऐकणाऱ्याला अॅम्प नको, कानाचा डॉक्टर हवा.

मग मन्सूर एवढे हळू का? कारण हे आकडे सर्वांत मोठ्या आवाजाचे. एखादी जोरकस थाप किंवा तार सप्तकातली तान तिथवर पोचते. आलाप त्याच्या 25-30 डेसिबल खाली चाललेला असतो. हल्लीची सिनेमातली गाणी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ठासून भरलेली. तीच लावली तर त्याच लॅपटॉपवर आवाज निम्म्यावर आणावा लागे. अॅम्प किती मोठा हवा, हे तुम्ही काय ऐकता यावरही ठरतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला मल्टिमीटर घरात होताच. लॅपटॉपवर 50 हर्ट्झचा सूर लावला, कारण साध्या मल्टिमीटरचा एसीचा आकडा घरच्या विजेच्या त्या कंपनसंख्येला भरवशाचा असतो. एका जॅकचे दोन करणारी वायर घेतली, एकीकडे हेडफोन जोडला, दुसरीकडे मीटरच्या काड्या टेकवल्या. (हेडफोन टेबलावर ठेवायचा, कानावर नाही.) काटोकाट आवाजाला जेमतेम पाऊण व्होल्ट! 2 व्होल्ट देणारा यूएसबी डोंगल घेतला तर साडेआठ डेसिबल हाती लागणार होते. तो हेडफोनच्या चौथाई किमतीत मिळत होता. घेतला, आणि आलाप पंख्याच्या वर आला.

तरी शंका राहिलीच. एका मित्राचा टेबलावरचा जाडजूड अॅम्प मागून आणला. मीटर लावून दोन्हींवर त्याच सुराला 0.40 व्होल्ट जुळवले. ही पायरी टाळू नये. जे यंत्र किंचित मोठं वाजतं तेच कानाला 'खुललेलं' वाटतं. भाच्याला पाठीमागे बसवून पिन बदलायला लावली. कुठलं चालू आहे ते मला धड ओळखता येईना. भाचा मात्र खूश, मामाचे कान पकडायची संधी रोज कुठे मिळते?

मोठे अॅम्प बिनकामाचे असतात, असं मी म्हणणार नाही. 600 ओहमच्या किंवा फार कमी संवेदनशीलतेच्या हेडफोनला जास्त व्होल्ट नाहीतर करंट लागतोच. कमी ओहमच्या इअरफोनचा मामला उलटा. तिथे अॅम्पचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स इअरफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. नाहीतर सुरांचा तोल बिघडू शकतो. काही व्हॉल्व्ह अॅम्प दिसायला देखणे, पण इथे नापास होतात.

तेव्हा दुकानात जाल तर "हा हेडफोन चालवेल का?" असं मोघम विचारू नका. तुमच्या हेडफोनच्या ओहमला अॅम्प किती व्होल्ट देतो ते विचारा. उत्तर आलं नाही, तर खिशात हात घालू नका.