वाट आणि वाटा

शिकारकथांचा एक ठरलेला घाट असतो. चिखलात उमटलेल्या खुराच्या ठशापासून कथेला आरंभ होतो, मग रात्रभराचे बसणे, पानांची सळसळ, रोखलेला श्वास, आणि अखेर बार. बार झाला की कथा संपते. माणूस आणि जनावर या दोघांखेरीज तिसऱ्याला त्यात सहसा जागा नसते. मराठीत लिहिल्या गेलेल्या शिकारकथा आणि इंग्रजीतून आलेल्या साहेबी आठवणी वाचताना मला नेहमी असे वाटत आले आहे की, आमच्या गावात जिला शिकार म्हणत ती या कथांत सापडत नाही. तिथे माणसे चाळीस-पन्नास असत, आणि बार झाल्यावरच खरी गोष्ट सुरू होई.

गाव दक्षिण रत्नागिरीतले. काळ 1970च्या आगेमागचा, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वीचा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि खाली कुणग्यांतून भात होई. दाणा भरू लागला की रात्री डुकरांचा कळप उतरे. रानडुक्कर खाते त्याहून अधिक नासते. सोंडेने जमीन उकरत ते पुढे सरकते आणि सकाळी पाहावे तर शेत नांगरल्यासारखे दिसते. माळ्यावर बसून डबे वाजवण्याचा उपाय चार रात्री चाले. पाचव्या रात्री डुकरांना त्या आवाजाची सवय झालेली असे. मग हाका ठरे.

हाक्याचे शास्त्र साधे, पण कडक. डुकराची नजर बेताची असते, नाक मात्र विलक्षण तीक्ष्ण. म्हणून बंदुकवाल्यांनी वारा तोंडावर घेऊन बसायचे आणि हाकाऱ्यांनी वाऱ्याच्या बाजूने रान हाकत यायचे. डुक्कर वाटेल तिथून पळत नाही. झाळीतून जाण्यायेण्याच्या त्याच्या वाटा ठरलेल्या असतात आणि त्या जुन्या जाणत्यांना पाठ असत. त्या वाटांवर ठासणीच्या दोन-तीन बंदुका बसत. हाकाऱ्यांच्या दिशेने बार काढायचा नाही. जनावर आपल्याला ओलांडून गेले की मगच. पट्ट्यापट्ट्यांची पिले घेऊन चाललेली मादी सोडायची. जखमी नराच्या मागे एकट्याने जायचे नाही, कारण त्याचे खालचे सुळे वरच्यांवर सतत घासून धार लावल्यासारखे झालेले असतात आणि तो मांडीच्या उंचीवर वार करतो.

या सगळ्यात बंदुकवाल्यापेक्षा हाकाऱ्याचा जीव अधिक धोक्यात असे. बंदुकवाला दगडाच्या आडोशाला बसलेला. हाकारी करवंदीच्या जाळ्यांतून, हातात काठी घेऊन, आरडाओरडा करीत पुढे जाणारा. आणि बंदूक कुणाकडे होती, काठी कुणाकडे, हे गावात जन्माने ठरलेले होते.

शिकार गावाच्या माळावर आणली जाई. गवताच्या जाळावर केस भाजून, खरवडून मग ती फोडत आणि सागाच्या पानांवर वाटे पडत. आमच्याकडची रीत अशी: देवस्थानाचा एक वाटा, ज्याच्या गोळीने जनावर पडले त्याचा मानाचा वाटा, ज्याच्या शेताचा नास झाला त्याचा एक, आणि मग हाक्याला आलेल्या प्रत्येकाचा एकेक सारखा. पोरगा हाक्यात ओरडला असेल तर त्यालाही वाटा. कुत्र्यांचाही. वाटे घालणारा म्हातारा डोळ्यांच्या मापाने तुकडे टाकी. वाटे झाले की एखाद्या पोराला पाठमोरे उभे करून, "ह्यो कुणाचा?" असे विचारीत तो एकेका वाट्याकडे बोट दाखवी आणि पोराच्या तोंडी येईल त्याचा तो वाटा होई. यामुळे कुणाला चांगला तुकडा आणि कुणाला हाड अशी कुरबूर राहत नसे.

मापात अन्याय नव्हता, हे मला आजही म्हणावेसे वाटते. पण गावाच्या एका टोकाला राहणाऱ्या वस्तीतले जे सात-आठ हाकारी असत, त्यांचे वाटे त्या रांगेत पडत नसत. त्यांची पाने आंब्याच्या पलीकडे, दहा पावलांवर मांडलेली असत. मांस तेवढेच, पान सागाचेच. जमीन मात्र वेगळी. रानात तीच माणसे आमच्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून रांग धरीत, कारण रांगेत फट पडली तर डुक्कर त्या फटीतून निसटते. माळावर ती फट पुन्हा पाडली जाई. मी त्या पानांपर्यंतची दहा पावले पाहिली आहेत, आणि त्याविषयी त्या वेळी कुणी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

आमच्या वाट्याचे मांसही घराच्या चुलीवर चढत नसे. आजीचा तो नियम होता. मांगरात तीन दगड मांडून, वेगळ्या टोपात, मिरी आणि भाजल्या खोबऱ्याचे वाटण लावून ते शिजे, आमसुले शेवटी. खाताना मात्र काका मोठ्या अभिमानाने सांगत, "हे रानातले. कंदमुळे खाणारे." 'रानातले' या शब्दावर त्यांचा विशेष जोर असे. तो का असे, हे कळायला मला भाषेचा शिक्षक व्हावे लागले.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने रानडुक्कर आणि गावडुक्कर एकाच जातीचे. आपल्या भाषेत मात्र या एका प्राण्याच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर 'वराह': पृथ्वी दातांवर तोलून धरणारा अवतार. मध्ये 'रानडुक्कर': शूराने मारावा आणि मानाने खावा असा प्रतिस्पर्धी. सर्वांत खाली नुसते 'डुक्कर': गावकुसाबाहेर हिंडणारे, ज्याचे नाव शिवी म्हणून वापरले जाते आणि जे पाळणाऱ्याच्या कपाळी तीच शिवी चिकटते. नागराज मंजुळे यांच्या 2013च्या 'फँड्री' या चित्रपटाचे नाव म्हणजे कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द. त्यात शाळेच्या परिसरात डुकरामागे धावणारे जब्याचे कुटुंब आणि भोवती हसणारा गाव आहे. तोही एक हाकाच आहे. हाकणारे आहेत, जाळे आहे, पाठलाग आहे. मात्र या शिकारीत शौर्य कुणालाच दिसत नाही, कारण जनावर तिसऱ्या पायरीवरचे आहे आणि हाकणारेही.

वरच्या पायरीचे उदाहरण आपल्याच प्रदेशाच्या इतिहासातले. कल्याणीच्या चालुक्यांचे लांछन वराह; सोन्याच्या नाण्यालाही 'वराह' हे नाव पडले. याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला कोशवजा ग्रंथ आहे. जुन्या मराठीच्या काही ओळी त्यात आढळतात म्हणून आपले विद्यार्थी त्याचे नाव पाठ करतात. त्या ग्रंथात मृगयेचे प्रकरण आहे, आणि अन्नाच्या प्रकरणात डुकराचे केस कसे काढावेत, मांस कसे भाजावे याचीही कृती आहे. ध्वजावर जे चिन्ह तेच ताटात, आणि त्यात राजाला विसंगती वाटलेली नाही. आमच्या माळावरचा गवताचा जाळ आणि राजाच्या पाकशाळेतला जाळ यांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते हाकाऱ्यांच्या पानाचे, आणि त्याविषयी असे ग्रंथ बोलत नसतात.

साहेबाने तर या खेळातून मांस जवळजवळ वजाच केले. घोड्यावर बसून भाल्याने रानडुक्कर मारणे हा हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांचा अत्यंत आवडता खेळ. पुढे बालवीर चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल याने 1883 साली मेरठचा कादिर चषक याच खेळात जिंकला आणि 1889 साली या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. बंगालकडे आखूड, जड भाला वरून मारण्याची रीत होती, तर मुंबई इलाख्यात लांब भाला खालून धरण्याची; यांपैकी सरस कोणती यावर पुष्कळ वाद झडले. खेळाचा नियम असा की, जो पहिल्यांदा रक्त काढील त्याचा 'पहिला भाला', आणि सुळे त्याचे. म्हणजे इथेही वाटा होताच. फक्त तो खाण्याचा नव्हता, भिंतीवर टांगण्याचा होता. या वाङ्मयात आवडत्या घोड्यांची नावे प्रेमाने नोंदलेली आढळतात; रान हाकणाऱ्या माणसांची क्वचितच.

पहिला घाव कुणाचा, हा वाद मात्र साहेबाच्या कितीतरी आधीचा आहे. आमच्या माळावर "पयली गोळी कुणाची?" यावरून एकदा दोन चुलत भाऊ वर्षभर अबोल राहिले होते. वनपर्वात आणि पुढे भारवीच्या 'किरातार्जुनीया'त हाच पेच आहे. तप करणाऱ्या अर्जुनावर वराहरूपी दैत्य चाल करून येतो. अर्जुनाचा आणि किरातवेषातल्या शिवाचा असे दोन बाण एकाच वेळी त्याला लागतात, आणि शिकार कुणाची यावरून युद्ध जुंपते. अर्जुन मृगयेच्या धर्माचा हवाला देतो. रानात राहणाऱ्याला तो धर्म शिकवू पाहतो, हे त्या प्रसंगातले मला सर्वांत बोलके वाटते. किरात देव निघतो म्हणून अर्जुनाला पुढे नमते घ्यावे लागते. तो नुसताच किरात असता तर महाकाव्याने त्याची बाजू ऐकून घेतली असती का, हा प्रश्न मी वर्गात विचारीत असे. ग्रीकांकडेही कॅलिडॉनच्या डुकराचे कातडे मेलिआगर अटलांटेला देतो, स्त्रीला हा मान का म्हणून त्याचे मामा ते हिसकावून घेतात, आणि त्यातून सारे घर उद्ध्वस्त होते. शिकारीत भाग घेतलेल्या बाईला वाटा नाकारला जातो. जनावर मरते आणि गोष्ट तिथून भडकते. या जुन्या कवींना ठाऊक होते की बार म्हणजे शेवट नव्हे.

1972च्या कायद्याने आमच्याकडचा हाका थांबला. लगेच नाही, पण हळूहळू. आधी तो चोरटा झाला आणि मग बंद पडला. डुक्कर मारणे मात्र बंद झाले नाही. त्याच वाटांवर आता गाडीच्या केबलच्या तारेच्या फासक्या लागतात, आणि कुठे कुठे खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब पेरले जातात. फासकी वारा पाहत नाही, पिलांची मादी सोडत नाही. तिच्यात बिबटे अडकून मरतात. बॉम्बने गुरांचे आणि कुत्र्यांचे जबडे फुटतात. मारणारा रात्री येतो, रात्री जातो, आणि मांस गुपचूप विकले जाते. वाटे पडत नाहीत.

कायद्याच्या बाजूनेही गोष्ट सरळ नाही. पिकांचा नास करणारे रानडुक्कर परवानगीने मारण्याची तरतूद कायद्यात आहे आणि महाराष्ट्र शासनाने 2015 साली ती परवानगी मिळण्याची पद्धत सुलभ केली. 2022च्या दुरुस्तीनंतर हा प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आला. पण याच कायद्याच्या कलम 39 नुसार असे मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे नास शेतकऱ्याचा, गोळी परवान्याची, आणि वाटा सगळाच्या सगळा सरकारचा. त्यामागचे कारण मला समजते. मांसाची मुभा दिली की पीकरक्षणाच्या नावाखाली बाजार उभा राहील, ही भीती खोटी नाही. तरी आमच्या डोंगरउतारावर आता नाचणी कुणी पेरीत नाही. पंचनामा होतो, कधीतरी पैसे येतात, आणि पुढच्या वर्षी तो तुकडा ओस पडतो.

जुना हाका परत यावा असे मी म्हणणार नाही. ज्या रीतीत सात-आठ माणसांची पाने दहा पावलांवर मांडली जात, तिच्यासाठी हळहळायचे तर ती हळहळ कुणाच्या बाजूची, हे आधी तपासायला हवे. त्या वस्तीतल्या मुलांनी पुढे हाक्याला जायचे नाकारले, ते कायदा येण्याच्याही आधी. त्यांच्यापैकी एक माझ्याच वर्गात होता. "ओरडायचे आम्ही आणि वाटा लांबून घ्यायचा?" एवढेच तो म्हणाला होता. आमच्या गावातला हाका मोडण्याचे श्रेय मी वनखात्याइतकेच त्या मुलांना देतो.

पण एक गोष्ट त्या माळावर होती आणि फासकीत नाही. जनावर मारले आहे हे सगळ्यांसमोर होते. कुणी मारले, कुणाच्या शेतासाठी, कुणाच्या जिवावर, हे मोजले जाई. मोजणीतला अन्यायही उघड्यावर होता, म्हणून त्याला नकार देता आला. चोरून केलेल्या हत्येला असा नकार देता येत नाही, कारण तिथे कुणी कुणाला उत्तर द्यायला बांधलेले नसते.

भारवीचा सर्ग शिकवताना मी त्या वराहरूपी दैत्याचे नाव फळ्यावर लिहीत असे. त्याचे नाव 'मूक'. दोन धनुर्धर सर्गच्या सर्ग वाद घालतात आणि ज्याच्या देहावरून वाद चालला आहे तो नावानेच मुका आहे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, आणि रान कोण हाकत होतं तिथे?" काव्यात हाकारी नाहीत, असे मी सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले.