थायलंडची बाटली, तेरचा तवा

समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या धाराशिव जिल्ह्यात कुणी माशाची थाई चटणी करायला जातं का? आम्ही गेलो! बॅगेत एक बाटली आणि मनात एक जुनी चोरी घेऊन.

थाई रेस्तराँमध्ये कधी गेला असाल तर तुमची तिच्याशी ओळख झालेलीच असणार. टेबलावर इवलीशी काचेची वाटी, त्यात चहाच्या रंगाचं पाणी आणि वर तरंगणाऱ्या लाल-हिरव्या मिरच्यांच्या चकत्या. दिसायला एकदम गरीब. पण भातावर चमचाभर घातलीत की कान गरम! हिचं नाव प्रिक नाम प्ला. थाई भाषेत प्रिक म्हणजे मिरची, नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा. थोडक्यात, माशाच्या पाण्यातली मिरची.

ऑफिसच्या एका टीम लंचला मी हिच्या प्रेमात पडले आणि दुसऱ्याच आठवड्यात सुपरमार्केटमधून फिश सॉसची बाटली उचलली. आता आपणही घरी करणार, बॉस! पुण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये मोठ्या थाटात झाकण उघडलं आणि अक्षरशः दोन पावलं मागे सरकले. हा वास माझ्या ओळखीचा होता. खूपच ओळखीचा.

तो तेरच्या माझ्या आजीच्या स्वयंपाकघराचा वास होता. तव्यावर भाजल्या जाणाऱ्या सुकटीचा!

वास येतोय कसला?

मराठवाड्यात कुठला मासा, असं पुण्या-मुंबईच्या मित्रांना हमखास वाटतं. त्यांना एकदा आमच्या आठवडी बाजारात नेलं पाहिजे. ताज्या माशाचं सोडा, पण गोणपाटावर सुकट आणि सुक्या बोंबलांचे ढीग लागलेले असतात. वाळलेला मासा लवकर खराब होत नाही, वजनाला हलका असतो आणि मूठभर सुकटीत घरादाराची भाकरी संपते. जिथे पाऊसच बेभरवशाचा, तिथे असली गोष्ट रुजणारच.

आजी मला पुण्याला सुकटीची चटणी पाठवायची. गावाकडून कुणी येणार असलं की डबा ठरलेला. पहिल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी मी ती तव्यावर जरा गरम केली आणि पाचव्या मिनिटाला मालकीणबाई दारात! ‘वास येतोय कसला? आमच्याकडे असलं चालत नाही हं.’ आवाज चढवला नव्हता त्यांनी. पण दोन्ही रूममेट्ससमोर माझा चेहरा असा झाला, की त्याच रात्री मी डबा रिकामा करून सगळी चटणी सोसायटीच्या कचऱ्यात टाकली.

आजीला फोनवर काय सांगितलं? ‘मस्त झाली होती गं, संपली पण!’ झालं. पुढच्या वेळी दुप्पट आली. तीही मी टाकली. असं चार वेळा झालं.

आणि आता मी त्याच वासासाठी पैसे मोजून विदेशी बाटली आणली होती. इन्स्टाग्रामवर टाकायला फोटोसुद्धा काढला होता! हसू येईना आणि रडूही येईना. शेवटी एका शुक्रवारी रात्री बाटली टॉवेलमध्ये गुंडाळली आणि सोलापूर रोडला लागले.

तगर नावाचं महानगर

पुण्याहून टेंभुर्णी, बार्शीमार्गे पाच-साडेपाच तासांत धाराशिव. 2023 मध्ये नाव बदललं तरी एसटी स्टॅण्डवर उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही ऐकू येतात. तिथून तीसेक किलोमीटरवर तेर. लोक येतात ते संत गोरोबाकाकांच्या, म्हणजे गोरा कुंभारांच्या दर्शनाला. तेरणा नदीच्या काठचं साधंसुधं गाव. पण याचा बायोडेटा बघाल तर चाट पडाल.

हेच ते प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात तगरचा उल्लेख फार मोठं शहर असा आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायची आणि पुढे समुद्रापार. गावातलं विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहिलंत की त्या काळाचा अंदाज येतो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यातूनच इथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलंय.

तेरमध्ये सापडलेली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. तिची जणू बहीण शोभावी अशी भारतीय हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये कुठे सापडली माहितेय? इटलीतल्या पाँपेईत! इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं तेच शहर.

आता गंमत ऐका. हे पाँपेई कशासाठी नावाजलेलं होतं? फिश सॉससाठी! रोमन लोक त्याला गारुम म्हणायचे. मासे, त्यांची आतडी आणि भरपूर मीठ उन्हात महिनोन् महिने मुरवायचं आणि वर सुटलेला रस गाळून घ्यायचा. पाँपेईतल्या स्कॉरस नावाच्या गारुम व्यापाऱ्याने तर स्वतःच्या घराच्या फरशीवर आपल्या सॉसच्या बाटल्यांची चित्रं जडवून घेतली होती. म्हणजे ब्रॅण्डिंग काही आजचं नाही! आणि पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूत जे रोमन कुंभ सापडले, त्यांत वाईन आणि ऑलिव्ह तेलाबरोबर गारुमचेही कुंभ होते. थायलंडच्या नाम प्लाची रीतही तीच. छोटे मासे, मीठ आणि वर्ष-दीड वर्षाचा धीर.

मासा टिकवायची ही युक्ती जगभर माणसांना सुचली. कुणी मिठात मुरवला, कुणी उन्हात वाळवला. नाकं मुरडणारेही सगळीकडे होतेच. रोमच्या बड्या लोकांनीही या वासाची टिंगल केली आणि जेवताना ताटात मात्र वाढून घेतलं!

चुलीपुढे

आजीचं घर अजून तसंच आहे. गॅस आलाय, पण भाकरी चुलीवरच. मी बाटली तिच्या हातात दिली.

‘हे काय गं?’

‘थायलंडचं आहे. वास घे.’

तिने घेतला. मग बोटावर थेंब घेऊन चाटला. तोंड मिटून थोडा वेळ तशीच बसली आणि म्हणाली, ‘हे तर सुकटीचं पाणी हाय की!’

नाम प्ला. पाणी, मासा. थाई न शिकता आजीने अचूक भाषांतर केलं होतं.

मग आमचा प्रोग्रॅम सुरू झाला. मी लवंगी मिरच्या चिरल्या, लसूण ठेचला, लिंबू पिळलं. तिकडे तिने तव्यात सुकट कोरडीच भाजायला घेतली. आधी चाळणीत घोळून रेती झाडली. खमंग वास सुटल्यावर त्याच तव्यात हिरव्या मिरच्या, लसूण, दाणे परतले. मग तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडून काढलं. पाट्यावर का नाही? ‘पाट्यावर मऊ होतंय. दाताखाली आलं पायजे.’ थायलंडमध्येही नाम प्रिक नावाच्या बहुतेक चटण्या खलबत्त्यात कुटतात, वाटत नाहीत. कारण विचारलंत तर तिथली आजीही बहुधा हेच सांगेल.

ज्वारीच्या गरम भाकरीवर दोन्ही घेतल्या. भाकरीवर माझी थाई चटणी पाणीच झाली. तिला भातच हवा. आजीची मात्र जागची हलेना. नाकातून, डोळ्यांतून पाणी. तेव्हाच मी बोलून टाकलं. चार डबे, सोसायटीचा कचरा, फोनवरची थाप, सगळं.

आजी भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

‘वास कुणाला आवडत न्हाई, मला ठाव हाय. म्हणून तर दोन-दोन पिशव्यांत बांधून देत हुते.’

मग जरा वेळाने माझ्याकडे बघून विचारलं, ‘फेकलीस, तर मग त्या दिवशी खाल्लंस काय?’

काय उत्तर देणार? मॅगी, म्हटलं. ‘अगं बाई!’ म्हणाली आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी पडली.

रविवारी निघताना डबा होताच. दोन पिशव्यांत. एसटीत मी तो मांडीवरच ठेवला. कुर्डुवाडीच्या अलीकडे शेजारच्या काकूंनी नाक वर केलं. म्हटलं, झालं आता! तर त्या विचारतात, ‘सुकट हाय का गं? लसूण जास्त घातलेला दिसतोय.’

घरी करायचीय?

प्रिक नाम प्ला: तीन मोठे चमचे फिश सॉस, दोन चमचे लिंबाचा रस, सहा-सात लवंगी मिरच्यांच्या बारीक चकत्या, तीन-चार लसूण पाकळ्या ठेचून आणि चिमूटभर गूळ. गूळ विरघळेपर्यंत ढवळा, दहा मिनिटं मुरू द्या. मीठ अजिबात नको, सॉसमध्ये रग्गड असतं. उरली तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. साध्या वाफाळत्या भातावर किंवा हाफ फ्रायवर झक्कास!

सुकटीची चटणी: एक वाटी निवडलेली सुकट मंद आचेवर कुरकुरीत भाजा. पाच-सहा हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि मूठभर शेंगदाणे थोड्या तेलात परता. सगळं तव्यातच रगडा, मीठ शेवटी चाखून घाला. खिडक्या उघड्या ठेवा. पण अपराधी वाटून घेऊ नका.

जायचंय? पुण्याहून बार्शीमार्गे धाराशिव, तिथून तेर. गोरोबाकाकांचं मंदिर आणि त्रिविक्रम मंदिर पाहाच. संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. आणि आठवडी बाजाराचा दिवस गाठलात तर पिशवी न्यायला विसरू नका. दोन न्या!